जमशेदजी टाटा आणि त्यांची विज्ञानाची शाळा

जमशेदजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी या गावी एका पारशी घरात झाला. वडिलांचे नाव नसरवानजी व आईचे नाव जीवनबाई. शिकायला ते मुंबईला आले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे १८७७ साली त्यांनी नागपूरला एम्प्रेस नावाची कापडगिरणी सुरू केली.

तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. यंत्रे विलायतेहून यायची. यंत्र पैसे देऊन आणता येते, पण ते बनवायची विद्या कुठून आणायची? १८९२ साली जमशेदजींनी हुशार मुलांना विलायतेत शिकायला पैशांची सोय केली. पण बोटीने जाऊन जाऊन अशी किती मुले जाणार? म्हणून आपल्याच देशात विज्ञानाची मोठी शाळा काढायची, असे त्यांनी ठरवले.

१८९८ साली त्यांनी त्यासाठी मुंबईतल्या इमारती व जमिनी देऊ केल्या. त्यांची किंमत ३० लाख रुपये होती. जवळजवळ अर्धी मालमत्ता बरं का! स्वामी विवेकानंदांनाही त्यांनी पत्र लिहून मदत मागितली. पण व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना शंका आली. एवढी मुले शिकायला येतील का, आणि शिकून त्यांना नोकऱ्या मिळतील का? यातच वर्षे गेली. १९ मे १९०४ रोजी जमशेदजी जर्मनीत वारले. शाळेची एक वीटसुद्धा त्यांना बघायला मिळाली नाही.

पण दोराबजी व रतनजी या त्यांच्या मुलांनी वडिलांचा शब्द पाळला. म्हैसूरच्या महाराजांनी बंगळूरला ३७१ एकर जागा दिली. १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. १९११ साली मुले शिकू लागली. सुरुवातीला रसायन आणि वीज हे विषय होते. बंगळूरचे लोक तिला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात.

१९३३ साली मुंबईहून कमला भागवत तिथे गेल्या. बी.एस्सी.ला त्यांचा पहिला नंबर आला होता. तरी बाईमाणूस म्हणून त्यांना आधी नाही म्हणाले. त्या हटून बसल्या, तेव्हा प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला जाऊन त्या डॉक्टरेट झाल्या. त्यांच्यामुळे दुसऱ्या मुलींनाही तिथे दार उघडले.

आपल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. पाचवीला पलीकडच्या गावी चालत जावे लागते. जमशेदजींनी कधी न पाहिलेल्या मुलांसाठी एवढे दिले. पालकहो, तुम्ही आम्हाला रोज बघता. मग आम्हा मुलींनाही पाचवीला पाठवा, घरी बसवू नका.

अशा या थोर पुरुषाला माझा नमस्कार.