दगडात टिकलेला पराग

नांदेड-लातूरकडे विहीर खणताना काळा पाषाण लागतो. हा लाव्हा नेमका केव्हा वाहिला, याचे उत्तर वनस्पतींकडे मागणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बिरबल साहनी.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा येथे झाला. वडील रुचिराम हे लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. केंब्रिजला शिकून बिरबल १९१९ मध्ये परतले आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठात रमले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो. नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा भागातील अशा गाळातली दगड झालेली फळे, ताडवर्गीय झाडे, पाणनेचे त्यांनी अभ्यासले. त्यावरून हा पाषाण डायनोसॉर नामशेष झाल्यानंतरचा, असे मत त्यांनी मांडले. आजच्या मोजमापानुसार तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्याच सीमेवरचा आहे.

कोळसा व तेलाच्या थरांचे वय ठरवण्यासाठी परागकण तपासावेत, असा त्यांचा आग्रह होता. कारण परागाचे कवच. परागकोशात एका मातृपेशीपासून चार कण बनतात. कॅलोजच्या तात्पुरत्या आवरणाखाली प्रत्येकावर नक्षीचा आराखडा उमटतो. मग ते आवरण विरघळते आणि परागकोशाचा आतला पोषक थर स्पोरोपोलेनिन पुरवतो. त्याचे बाह्यकवच इतके चिवट, की तीव्र आम्लालाही ते दाद देत नाही. आतला मऊ थर कण स्वतःच तयार करतो. नक्षीवरून वनस्पतीचा गट ओळखता येतो.

पण सूक्ष्म अवशेष चकवाही देतात. पंजाबच्या मीठडोंगरातील सूक्ष्म वनस्पती-अवशेषांवरून साहनींनी तिथले मीठ बरेच अलीकडचे ठरवले. पुढे ते पन्नास कोटी वर्षांहून जुने निघाले. बाहेरचे कण खडकात शिरू शकतात, ही खबरदारी आज प्रत्येक प्रयोगशाळा घेते.

१९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौत त्यांच्या पुरावनस्पती संस्थेची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. जीवाश्म जडवलेली ती कोनशिला बसून आठवडाही सरतो न सरतो तोच, १० एप्रिलला, वयाच्या ५७ व्या वर्षी हृदयविकाराने साहनी गेले. संस्थेची धुरा पत्नी सावित्रीबाईंनी उचलली. तिथे आजही दगडातले पराग मोजले जातात.