वेण्णेच्या डोहातला पाहुणा

पुण्यात आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावे कानाला इतकी सारखी, की अनेकांना ती एकाच व्यक्तीची वाटतात. रस्ता समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. संस्था मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. गंमत अशी, की या वनस्पतिशास्त्रज्ञाला पहिली कीर्ती मिळाली ती एका प्राण्यामुळे!

१८८४ मध्ये मालवणात जन्मलेले आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत आणि सवड मिळताच सह्याद्री पालथा घालीत. १९११ च्या सुमारास साताऱ्याकडील मेढ्याजवळ, वेण्णेच्या खोऱ्यात त्यांना गोड्या पाण्यातले जेलीफिश सापडले. जेमतेम नाण्याएवढा, काचेसारखा पारदर्शक जीव! त्याचे भाईबंद तोवर केवळ आफ्रिकेत, टांगानिकासारख्या सरोवरांत ठाऊक होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे ॲनंडेल यांनी त्याचे नामकरण केले, लिम्नॉक्निडा इंडिका.

नाव मिळाले म्हणजे ओळख पटली, असे नव्हे. पाण्यातल्या शेवाळावर सूक्ष्म जीव पोसतात आणि तेच जेलीफिशच्या दंशतंतूंत अडकतात. मासे आणि किडेही त्याच घासाचे वाटेकरी. कोण कोणाला खातो, याचे हे जाळे समजल्याखेरीज डोहाचा संसार उलगडत नाही. म्हणून आघारकरांनी ग्रेव्हली यांच्यासह या जीवाच्या सवयी आणि त्याचा आढळ यांवर १९१२ मध्ये टिपण प्रसिद्ध केले.

हा जीव इथे आला कुठून, हा प्रश्न त्यांनी पुढे वनस्पतींनाही विचारला. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर ते जर्मनीला गेले. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना तिथे स्थानबद्ध व्हावे लागले. तरी जिद्द सुटली नाही. वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या प्रदेशातल्या वनस्पती कशा पसरल्या, मुळात कुठल्या, यावर बर्लिनमध्ये प्रबंध लिहूनच ते परतले.

१९४६ मध्ये निवृत्त झाल्यावर आराम करायचा सोडून त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली आणि १९६० मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तिची धुरा वाहिली. १९९२ मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

पुढच्या वेळी त्या रस्त्याने जाताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. उन्हाळ्यात गावाकडचा डोह दिसला, तर काठावर घटकाभर बसून पाण्यात निरखून पाहायलाही शिकवा.