काशीचे गणिती बापूदेव शास्त्री

महाराष्ट्रात १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपुरास भास्कराचार्यांची ‘लीलावती’ शिकले आणि १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. अमृतराव पेशव्यांनी राजा घाट बांधला तीच ही काशी. मराठी विद्वानांना ती परकी नव्हती.

‘लीलावती’च्या अंकपाश प्रकरणात २, २, १, १ या अंकांपासून सहा संख्या होतात: चोवीस मांडण्यांना, सारख्या अंकांच्या दोन जोड्यांमुळे, चाराने भागावयाचे. चौकटींच्या जाळ्यात उजवीकडच्या पावलास १ आणि वरच्या पावलास २ लिहिले, की दोन-दोन पावलांच्या वाटाही सहाच. हा ग्रंथ शास्त्रीबुवांनी संपादिला. त्याहून मोलाचे म्हणजे, संस्कृत पंडित असूनही त्यांनी बीजगणित हिंदीत लिहिले आणि पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले पंचांग काशीतच काढले.