तैलशास्त्रज्ञ डॉ. के. टी. अचया
(अल्प चरित्र)

ज्या पुरुषांनी आपल्या बुद्धीने व परिश्रमाने लोकांच्या ज्ञानात भर घातली, त्यांची चरित्रे स्मरणिकेच्या द्वारे ज्ञातिबांधवांपुढे ठेवावीत, हा आपला प्रघात आहे. या वर्षी आम्ही ज्यांचे चरित्र सादर करीत आहोत, ते डॉ. के. टी. अचया आपल्या ज्ञातीत जन्मलेले नव्हते. ते महाराष्ट्रीयही नव्हते. तथापि ज्या व्यवसायावरून आपल्या ज्ञातीस तिचे नाव मिळाले, त्या तेलाच्या अभ्यासाला त्यांनी आपले आयुष्य वाहिले आणि ज्या घाण्यावर आपल्या पूर्वजांनी पिढ्यानुपिढ्या संसार केले, त्या घाण्याचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला. एवढ्या नात्याने त्यांचे स्मरण करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

कोंगंडा तम्मू अचया यांचा जन्म १९२३ साली कोळ्ळेगाळ या गावी झाला. हे गाव त्या काळी मद्रास इलाख्यात होते; आज ते कर्नाटकात आहे. अचयांचे घराणे कूर्ग प्रांतातील कोडव समाजाचे. रसायनशास्त्र हा विषय त्यांनी विद्यार्थिदशेतच निवडला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनाचे पहिले धडे घेऊन दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीनंतर ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडातील लिव्हरपूल विद्यापीठात दाखल झाले.

लिव्हरपूल येथे त्यांना प्राध्यापक टॉमस पर्सी हिल्डिच यांच्यासारखे गुरू लाभले, हे त्यांचे मोठे भाग्य होय. हिल्डिच हे प्रथम साबणाच्या कारखान्यात रसायनज्ञ होते. पुढे १९२६ पासून पंचवीस वर्षे त्यांनी विद्यापीठात औद्योगिक रसायनशास्त्राचे अध्यापन केले. जगातील नाना वनस्पतींच्या बिया मागवून त्यांच्या तेलात कोणती मेदाम्ले किती प्रमाणात आहेत, हे त्यांनी निश्चित केले. नैसर्गिक मेदांच्या घडणीवरील त्यांचा १९४० सालचा ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ मानला गेला. हिंदुस्थानातूनही अनेक विद्यार्थी त्यांच्याकडे गेले.

मेदाम्ल म्हणजे काय, हे वाचकांच्या सोयीसाठी येथे थोडक्यात सांगतो. कोणत्याही तेलाचा कण ग्लिसरीन व त्यास जोडलेली तीन मेदाम्ले यांचा बनलेला असतो. सर्व तेलांत ग्लिसरीन तेच. भेद पडतो तो मेदाम्लांमुळे. जवसाच्या तेलात लिनोलेनिक अम्ल निम्म्याच्या आसपास असते, म्हणून ते हवेत वाळून कठीण होते व रंगाच्या कामी येते. करडईच्या तेलात लिनोलेइक अम्ल शेकडा सत्तरांच्या वर असते. भुईमुगात ओलेइक अम्लाला प्राधान्य असते. एरंडेल तर सर्वांहून वेगळे. त्याच्या मेदाम्लांत शेकडा पंच्याऐंशीहून अधिक भाग एकट्या रिसिनोलेइक अम्लाचा असतो, आणि म्हणूनच ते इतके दाट व चिकट असते. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना तेल बोटावर घेऊन, वास घेऊन जे कळत असे, त्याचे कारण या अम्लांच्या प्रमाणात आहे.

हे प्रमाण काढणे त्या काळी सोपे नव्हते. तेलाचे विघटन करून अम्ले मोकळी करावयाची, थंडीत गोठवून घन व द्रव भाग वेगळे करावयाचे, त्यांची एस्टरे बनवून निर्वातात पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करावयाचे आणि प्रत्येक अंशाची परीक्षा करून हिशेब मांडावयाचा, अशी ती कष्टाची रीत होती. एका तेलामागे कित्येक दिवस जात. वायुवर्णलेखनाची सुटसुटीत पद्धत १९५२ नंतर आली. अचयांची तयारी तिच्या आधीच्या, चिकाटीची कसोटी पाहणाऱ्या काळात झाली. त्यांनी हिल्डिच यांच्यासमवेत गाईच्या व म्हशीच्या दुधातील मेदांच्या घडणीचा तौलनिक अभ्यास केला. तो १९५० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला.

डॉक्टरेट संपादन करून अचया स्वदेशी परतले आणि १९५० साली हैदराबाद येथील प्रयोगशाळेत रुजू झाले. येथे त्यांच्या चरित्राचा धागा आपल्या मुलखाशी जुळतो. ही प्रयोगशाळा १९४४ साली हैदराबाद संस्थानाने स्थापन केली होती, आणि पोलीस कारवाईनंतरही आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आपला किनवट तालुका तर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे; राज्यपुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. म्हणजे अचयांनी ज्या प्रयोगशाळेत कामास आरंभ केला, ती आपल्याच राज्याची प्रयोगशाळा होती. १९५६ साली ती केंद्राच्या वैज्ञानिक परिषदेकडे गेली व प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून प्रसिद्धी पावली.

तेथे अचयांनी एकवीस वर्षे काढली. तेलंगणाच्या कोरडवाहू रानात एरंड विपुल होई. आपल्याकडे एरंडेल म्हणजे दिव्याचे तेल, गाडीच्या आखाचे वंगण व मुलांचे रेचक, एवढीच ओळख होती. परंतु त्यातील एक रेणू पाणी काढून घेतले की ते रंगासाठी वाळणारे तेल होते. त्यात हायड्रोजन घातला की कठीण मेणासारखा पदार्थ मिळतो व त्यापासून यंत्रांचे वंगण बनते. दाहक क्षारासह तापविले असता सेबॅसिक अम्ल निघते आणि ते कृत्रिम धागे व प्लास्टिक यांच्या कामी येते. एरंडेलापासून होणाऱ्या अशा पदार्थांच्या रसायनशास्त्रावर अचयांनी केलेले विवेचन जगातील तैलशास्त्रज्ञांनी अभ्यासिले.

त्यांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय सरकी होय. नांदेडच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, हे सांगावयास नको. परंतु सरकी बहुधा तशीच जनावरांपुढे जाई आणि तिच्यातील तेल माणसाच्या उपयोगी पडत नसे. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी रंगद्रव्य असते, त्यामुळे तिचे तेल शुद्ध केल्यावाचून खाण्यास योग्य होत नाही. सरकीच्या रसायनशास्त्रावर व तिच्या प्रक्रियेवर भारतीय परिस्थिती ध्यानी घेऊन लिहिलेला ग्रंथ डॉ. मूर्ती व डॉ. अचया यांनी १९७५ साली सिद्ध केला.

१९७१ मध्ये अचया मुंबईस आले व प्रथिनयुक्त अन्नाच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे कार्यकारी संचालक झाले. तेल काढल्यावर उरणारी पेंड ही प्रथिनांची खाण आहे आणि आपल्या देशातील मुले प्रथिनांवाचून सुकतात, ही विसंगती तैलशास्त्रज्ञाच्या ध्यानी येणे स्वाभाविकच होते. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेत त्यांनी १९८३ पर्यंत काम केले.

बहुतेक माणसे अशा वेळी विश्रांती घेतात. अचयांच्या आयुष्याचा अधिक लोकप्रिय भाग येथून पुढे सुरू झाला. भारतीय तेलबिया व तेलगाळप यांचा सांस्कृतिक इतिहास त्यांनी १९९० साली प्रसिद्ध केला आणि १९९३ साली केवळ घाण्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यानंतर भारतीय अन्नाचा इतिहास १९९४ मध्ये व त्याचा कोश १९९८ मध्ये आला. इडलीची आजची रीत इंडोनेशियातून आली असावी, असे सुचविण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले. त्यावर पुष्कळ वाद झाला. परंतु जे पुराव्याने दिसते ते मांडावे, हा त्यांचा शास्त्रज्ञाचा बाणा इतिहासातही सुटला नाही.

घाण्यावरील ग्रंथ आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. घाणा कोठे लाकडाचा, कोठे दगडाचा. कोठे एका बैलाचा, कोठे दोन बैलांचा. कोठे तेल तळाच्या छिद्रातून वाहते, तर कोठे ते वरून फडक्याने टिपून घेतात. उखळ, लाट, वजन ठेवण्याची फळी, बैलाची झापडे यांना प्रांतोप्रांती निरनिराळी नावे. तीळ या शब्दावरूनच तेल हा शब्द झाला, इतका हा व्यवसाय पुरातन. १९३४ साली वर्ध्यास ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर मगनवाडीत सुधारलेली घाणी तयार झाली. तीही याच इतिहासातील एक पायरी. परक्या प्रांतातील, परक्या भाषेच्या एका रसायनज्ञाने घाण्याला अभ्यासाच्या योग्यतेची वस्तू मानले, हा आपल्या पूर्वजांच्या कष्टांचा गौरव आहे.

घाणा मागे का पडला, हेही निर्विकारपणे पाहिले पाहिजे. घाण्याच्या पेंडीत शेकडा दहा किंवा त्याहून अधिक तेल राहून जाते. द्रावकाच्या कारखान्यात ते शेकडा एकाच्या आसपास उरते. घाण्याला वेळ लागतो, बैल लागतो, माणूस लागतो. या हिशेबापुढे घाणा टिकला नाही. अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलास पुन्हा मागणी आली आहे, तिचा आनंद जरूर मानावा. परंतु आपल्या तेलाची थोरवी सांगताना जे सिद्ध झालेले नाही ते सांगू नये.

डॉ. अचया २००२ साली निवर्तले. त्यांच्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? चाकणच्या संताजी महाराज जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, याचा आपण अभिमान बाळगतो. आपल्या व्यवसायाची हकीकत मात्र आपण लिहिली नाही. किनवटच्या रानातील मोहाच्या बिया, लिंबोळ्या व करंज कसे गाळीत, घाण्याचे लाकूड कोणते निवडीत, बैल कसा वळवीत, घाण्याच्या प्रत्येक भागास काय म्हणत, हे जाणणारे वृद्ध आता थोडेच उरले आहेत. आमची घरोघरच्या शिकलेल्या मुलामुलींस विनंती आहे, की त्यांनी आजोबा-आजींजवळ बसून ही नावे व रीती वहीत उतरून घ्याव्यात. आणि ज्या मुलांस रसायनशास्त्राची गोडी आहे, त्यांनी हा विषय परका मानू नये. प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत जे तेल असते, ते आपल्या वाडवडिलांच्या घाण्यातीलच तेल होय.