पालवणकर बाळू : कोण तयार आहे, हे ठरवायचे कोणी?

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले खांद्यावर किट टाकून सकाळच्या लोकलने आझाद मैदान गाठतात. निवड चाचणीनंतर बहुतेकांना एकच उत्तर मिळते : अजून तयार नाहीस. हे उत्तर कधी खरे असते, कधी सबब असते. हा फरक ओळखायचा असेल, तर पालवणकर बाळू यांचे आयुष्य प्रत्येक तरुणाने समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीत असल्याने बालपण पुण्यात गेले. लहान वयातच ते पारशी क्लबात खेळपट्टी झाडू-लोटू लागले. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची आणि सरावासाठी साहेबांना गोलंदाजी करायची, असे काम होते. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज तासन् तास त्यांच्याच गोलंदाजीवर सराव करी. फलंदाजीची संधी मात्र साहेबांनी त्यांना कधी दिली नाही.

हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार आहे, हे सगळ्या पुण्याला दिसत होते. तरी हिंदू संघात त्यांना घ्यावे की नाही, यावर वाद झाला. अखेर गोऱ्यांना हरवायची ईर्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांच्या हातून फिरत होता. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हाताला विटाळ नव्हता, ओठाला होता.

पुढे ते मुंबईत आले. रेल्वेत नोकरी केली, हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम या दोघांचाही वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमारच झाली, पण पस्तिशीतल्या बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले.

यानंतर तरी कर्णधारपद मिळायला हवे होते. मिळाले नाही. कधी ते दुसऱ्याला गेले, कधी अनुभवाऐवजी शिक्षणाचा आणि घराण्याचा विचार झाला. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी तर हा मान बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. १९२० मध्ये बाळूंना वगळले गेले आणि विठ्ठलना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिले गेले, तेव्हा भावांनी खेळायला नकार दिला. त्यानंतर बाळू उपकर्णधार म्हणून परत आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. तयारी कमी नव्हती, हे निकालानेच सिद्ध केले.

चव्वेचाळीस वर्षांच्या गोलंदाजाला वगळण्याचा विचार होऊ शकतो, हे आम्ही नाकारत नाही. निवड म्हटली की कोणीतरी बाहेर राहणारच. प्रश्न मोजमापाचा आहे. बळी मोजता येतात, धावा मोजता येतात. नेतृत्वाची पात्रता हा शब्द मोघम ठेवला, की त्यात जात बसवता येते. अमेरिकेतही हेच घडले. काळ्या खेळाडूंना मुख्य बेसबॉल लीगची दारे बंद होती. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आत आला. सॅचेल पेजला तिथे पहिला सामना मिळाला तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती.

बाळूंबद्दल आपल्या चळवळीत एक अवघडलेपण आहे. तरुण भीमराव त्यांचे चाहते होते. पण १९३२ मध्ये बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले, पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. ज्या व्यवस्थेने त्यांना कर्णधार होऊ दिले नाही, तिनेच बाबासाहेबांना रोखायला त्यांचे नाव वापरले, असे आमचे मत आहे. त्यांची राजकीय भूमिका आम्हाला मान्य नाही. म्हणून त्यांचे ११४ बळी कमी होत नाहीत आणि त्यांच्यावरचा अन्यायही पुसला जात नाही. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलांना आम्ही एवढेच सांगू : नाही म्हटले तर कारण विचारा. कोणता चेंडू चुकला, किती धावा कमी पडल्या, हे सांगितले तर मान खाली घालून पुन्हा सरावाला लागा. कारण सांगता येत नसेल, तर एकट्याने गप्प बसू नका. पालवणकर भाऊ एकत्र उभे राहिले, तेव्हाच निवडकर्त्यांना मागे यावे लागले.

जय भीम!