कॅन्सर परत आलाय का, हे शोधणाऱ्या स्कॅनचं होमी भाभांशी काय नातं आहे?

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आणि विमान अपघात आठवतो. पण चाकण किंवा पिंपरी-चिंचवडमधली एखादी बाई गर्भाशयाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर पेट-सीटी स्कॅनला जाते, तेव्हा त्यामागेही भाभांनी सुरू केलेलं काम असतं. कसं, ते बघू.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईतल्या पारशी घरात भाभांचा जन्म झाला. मेहरबाई टाटा त्यांच्या आत्या. भाभा केंब्रिजला शिकत होते, तेव्हा १९३१ मध्ये मेहरबाई रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. वर्षभरात त्यांचे पती दोराबजीही गेले. पुढे टाटा ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभारलं. ते १९४१ मध्ये सुरू झालं.

वडिलांना मुलगा इंजिनिअर व्हायला हवा होता, मुलाचा जीव मात्र फिजिक्समध्ये. १९३९ मध्ये भाभा सुट्टीला भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टीआयएफआर उभी केली, १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली आणि औषधोपचारात लागणारे किरणोत्सारी आयसोटोप देशातच बनू लागले.

आयसोटोप पेशंटपर्यंत पोचायला हॉस्पिटल हवं. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल आरोग्य खात्याकडून भाभांच्या अणुऊर्जा विभागाकडे आलं. १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले. याच सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन बसला आणि पेट स्कॅन सुरू झाला.

या स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून त्या चमकतात. हे फ्लोरिन साधारण ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे औषध त्याच दिवशी बनवून वापरावं लागतं. ही साखर लघवीतून बाहेर पडते, मूत्राशयही चमकतं. शेजारची गाठ त्यात झाकली जाऊ नये म्हणून स्कॅनआधी लघवीला जाऊन यायला सांगतात.

पण नुसत्या चमकण्यावरून कॅन्सर ठरत नाही. सूज किंवा संसर्गही चमकतो. खात्री शक्य तिथे बायोप्सीनेच करतात. काहीच त्रास नसताना दरवेळी पेट स्कॅन करायची गरजही नसते.

गर्भाशयाचा कॅन्सर परत आलाच, तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. अंगावरून रक्त जाणं, ओटीपोटात दुखत राहणं, पाय सुजणं, विनाकारण वजन घटणं यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. संकोच बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा. स्कॅन करायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील. त्रास होतोय हे मात्र आपल्यालाच सांगावं लागतं.