मुक्या पडद्यावरील मोहिनी

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत लोकांपुढे आला. त्यातील तारामतीचे काम करण्यास एकही स्त्री मिळाली नव्हती. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून दादासाहेबांनी तारामती उभी केली होती. रंगभूमीवरही स्त्रियांची कामे बहुधा पुरुषच करीत. घरंदाज स्त्रीने तोंडाला रंग लावावा, हे त्या काळच्या समाजाला मुळीच खपत नसे.

त्याच वर्षी दादासाहेबांनी नाशिक येथे 'मोहिनी भस्मासुर' हा दुसरा चित्रपट तयार करण्यास घेतला. या वेळी मात्र त्यांना नाटक मंडळीतील दोन स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले या नावाने प्रसिद्धीस आली.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. त्यांचे वडील आनंद नानोसकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत इतिहास शिकवीत. कमला अगदी लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. पदरी लहान मूल, आणि एकट्या स्त्रीला पोट भरण्याचे मार्ग फार थोडे. अशा स्थितीत दुर्गाबाई फिरत्या नाटक मंडळीत शिरल्या. समाजाने त्यांना वाळीत टाकले. पण त्या माघारी फिरल्या नाहीत. आज या गावी तर उद्या त्या गावी बिऱ्हाड असल्यावर मुलीला शाळा कोठली मिळणार? आईनेच तिला घरी शिकविले. चारपाच वर्षांची असतानाच कमला रंगभूमीवर उभी राहू लागली. संगीत नाटकांच्या त्या जमान्यात गाणे आणि खणखणीत शब्द हीच नटाची खरी दौलत असे, आणि ती तिने लवकरच मिळविली.

पण चित्रपट त्या वेळी मुका होता. कॅमेरा हाताने फिरवावा लागे, उजेड सूर्याचा, आणि नटाचा आवाज प्रेक्षकांच्या कानी पडण्याची सोयच नव्हती. रंगभूमीवर मिळविलेली दौलत येथे निरुपयोगी होती. कमलेला सारे सांगायचे होते ते डोळ्यांनी आणि हातांनी. कथा मात्र या कामास मोठी अनुकूल निवडली होती. भस्मासुर ज्याच्या मस्तकावर हात ठेवील तो भस्म व्हावा, असा त्याला शंकराचा वर. मोहिनी त्याच्यापुढे नाचते, तो तिचे अनुकरण करतो, आणि नाचता नाचता स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो. अशा कथेला शब्द कशाला हवेत?

मायलेकींनी वाट दाखविली, तरी तीवर गर्दी झाली नाही. १९१७ साली 'लंकादहन' निघाला तेव्हा सीतेचे काम पुन्हा साळुंक्यांनीच केले. इतकेच नव्हे, तर रामही तेच झाले!

कमलाबाई रंगभूमीवर परतल्या. रघुनाथराव गोखले या नटाशी त्यांचा विवाह झाला. रघुनाथरावांनी स्वतः स्त्रीभूमिका केल्या होत्या. कमलाबाईंनी पुढे पुरुषभूमिकाही केल्या. परंतु पंचविशीच्या सुमारास त्यांच्यावर वैधव्य ओढवले. दोन मुले पदरी, तिसरे अजून जन्मायचे होते. एके काळी आईवर आलेला प्रसंग आता मुलीपुढे उभा राहिला. कमलाबाईंनीही आईप्रमाणेच नाटकाच्या आधारावर संसार चालविला. त्यांचे पुत्र चंद्रकांत नामवंत नट झाले. लालजी व सूर्यकांत यांनी तबलावादनात नाव मिळविले. नातू विक्रम गोखले यांनीही रंगभूमी आणि चित्रपट दोन्ही गाजविले.

पुढे चित्रपटाला वाचा फुटली, आणि कमलाबाईंनी बोलपटांतूनही कामे केली. १९८० साली आलेल्या 'गहराई' या चित्रपटात त्या दिसल्या, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी रीना मोहन यांनी त्यांच्या जीवनावर 'कमलाबाई' हा अनुबोधपट काढला. मोहिनीच्या नृत्याची फीत काळाच्या ओघात नष्ट झाली आहे. या अनुबोधपटात मात्र नव्वदीच्या कमलाबाई आपल्या आठवणी सांगताना दिसतात, आणि ऐकूही येतात. पुढे त्यांचे निधन झाले.